विश्लेषण : काविळीतून उठल्यावर पॉवरलिफ्टरने पुन्हा वजन कधी उचलावे?

२०२५ च्या उन्हाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील राजूरमध्ये काविळीची साथ पसरली आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. राजूर हे अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. साथ आली की रुग्णांचे आकडे येतात, पाण्याचे नमुने तपासले जातात. पण बरा झालेला माणूस कामाला, शेताला किंवा मैदानाला पुन्हा कधी लागू शकतो, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. पॉवरलिफ्टिंगची तयारी करणाऱ्याला हा प्रश्न जास्त छळतो. स्पर्धेची तारीख ठरलेली असते, वजनगट ठरलेला असतो आणि आजारपणात घेतलेले औषधही उत्तेजक चाचणीत अडचणीचे ठरू शकते.

कावीळ झाली म्हणजे काय झाले?

कावीळ हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन वाढले की डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी दिसते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीमागे बहुतेक वेळा हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ हे विषाणू असतात. ‘ए’ विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण १४ ते २८ दिवसांनी लक्षणे दिसतात. म्हणजे ज्या पाण्याने घात केला, ते पिऊन खेळाडूने दोन-तीन आठवडे नेटाने सरावही केलेला असू शकतो. या विषाणूवर नेमके औषध नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ण बरे होतात, मात्र मोजक्या रुग्णांत यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. भोवळ, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव दिसला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

व्यायामशाळेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत रुग्णाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता सर्वाधिक असते. एकाच माठातून, एकाच पेल्याने सगळ्यांनी पाणी पिण्याची सवय तिथे महागात पडते.

पूर्ण अंथरुणात पडून राहावे लागते का?

घरातले वडीलधारे तसेच सांगतात. पण १९५० च्या दशकात, कोरियन युद्धाच्या काळात कावीळ झालेल्या अमेरिकी सैनिकांवर यासंबंधी अभ्यास झाला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सक्तीने झोपवून ठेवलेल्या आणि झेपेल तसे हिंडू-फिरू दिलेल्या सैनिकांच्या बरे होण्यात फारसा फरक आढळला नाही. भरपूर प्रथिने असलेल्या आहाराने नुकसान झाले नाही, उलट फायदाच दिसला. आपल्याकडे काविळीत तेल-तूप, हळद, डाळी, अंडी असे बरेच काही बंद करून रुग्णाला उसाच्या रसावर आणि उकडलेल्या भातावर ठेवले जाते. मळमळ असताना हलके खाणे ठीक, पण भूक परतल्यावरही प्रथिने तोडली तर स्नायू अधिक झिजतात.

अर्थात, हिंडणे-फिरणे वेगळे आणि पूर्ण ताकदीने वजन उचलणे वेगळे. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिन्ही प्रकारांत खेळाडू श्वास रोखून पोट घट्ट करतो. त्या काही क्षणांत रक्तदाब आणि पोटातील दाब खूप वाढतो. ताप, अशक्तपणा, सुजलेले यकृत अशा अवस्थेत तो ताण घेण्यात शहाणपण नाही.

रक्ताचा अहवाल कधी फसवतो?

काविळीच्या रुग्णाच्या यकृताची तपासणी करताना एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन एन्झाइम्स पाहिली जातात. ती यकृतात असतात, तशी स्नायूंतही असतात. निरोगी पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात, सवय नसताना जोरदार वजने उचलल्यानंतर या दोन्हींचे प्रमाण किमान सात दिवस वाढलेले आढळले. म्हणजे बरे वाटू लागल्यावर उत्साहाने जड वजने उचलली आणि दोन दिवसांनी रक्त दिले, तर आकडे पुन्हा चढलेले दिसू शकतात. त्यातून डॉक्टरांना कावीळ उलटल्याची शंका येते. ती शंका अगदी चुकीचीही नसते, कारण हिपॅटायटिस ‘ए’ काही रुग्णांत खरोखरच उलटतो.

म्हणून तपासणीआधी आठवडाभर जड व्यायाम टाळणे आणि आपण वजने उचलतो हे डॉक्टरांना सांगणे, या दोन्ही गोष्टी हव्यात. बिलिरुबिन, जीजीटी आणि स्नायूंशी संबंधित सीपीके यांचे आकडे सोबत पाहिले, तर दुखणे यकृताचे की स्नायूंचे हे डॉक्टरांना ओळखता येते.

सलाइन लावले तर उत्तेजकांचा नियम आड येतो का?

येऊ शकतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे वाडाच्या नियमानुसार १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेण्यास मनाई आहे. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानासाठीच्या तपासण्या यांत ते दिले गेले, तर सूट असते. गावातल्या दवाखान्यात ‘ताकद येण्यासाठी’ लावलेली सलाइनची बाटली सहसा ५०० मिलिलिटरची असते. ती या सुटीत बसेलच असे नाही. रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद जपून ठेवणे म्हणूनच गरजेचे.

गोळ्यांचेही तसेच. सूज उतरवण्यासाठी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवी वाढवणारी औषधे खेळाडूंना कायम निषिद्ध आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. उपचारासाठी ती खरोखर गरजेची असतील, तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे म्हणजे नाडाकडे वैद्यकीय कागदपत्रांसह सूट मागता येते. लघवी वाढवणाऱ्या औषधांसाठी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, तर स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडसाठी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ‘डॉक्टरांनी दिले होते’ एवढे उत्तर पुरत नाही. आपल्या शरीरात काय सापडते याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच असते.

काढे आणि पावडरी निर्धोक असतात का?

‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार’ ही समजूत काविळीत धोक्याची. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी, आधीच सुजलेल्या यकृतावर घटक माहीत नसलेल्या काढ्याचा प्रयोग करू नये, हे उरतेच. व्यायामशाळेत हातोहात मिळणाऱ्या बिनलेबलच्या गोळ्यांचा धोका दुहेरी आहे. तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या अनेक अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे स्वतंत्रपणेही कावीळ होऊ शकते. सांधेदुखीसाठी सर्रास घेतले जाणारे पॅरासिटामॉलही या काळात डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मग मेहनत वाया जाते का?

दोन-तीन आठवडे सराव थांबला, तरी मुरलेल्या खेळाडूची ताकद फारशी घसरत नाही. काविळीत खंड लांबतो, भूक मरते, वजन उतरते, म्हणून घसरण जास्त दिसते. पण एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा कमावायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. ताप नाही, भूक परतली, बिलिरुबिन उतरले आणि डॉक्टरांनी हो म्हटले, की आधी चालणे, मग रिकामा बार, मग नेहमीच्या निम्म्या वजनाचा सराव, असा क्रम धरता येतो. दुसऱ्या दिवशी असह्य थकवा आला, तर एक पायरी मागे यायचे. उतरलेल्या वजनाचा फायदा घेऊन खालच्या गटात खेळण्याचा मोह होतो. त्यासाठी पाणी तोडून आणखी वजन उतरवणे, हे नुकत्याच सावरलेल्या शरीरावर अन्याय करणारे ठरते.

हा खेळ थांबून पुन्हा सुरू करण्याला, उशिरा येण्यालाही जागा देतो. वयोगटांच्या स्पर्धा असल्याने चाळिशी-पन्नाशीतही खेळता येते. पुण्याच्या भावना टोकेकर त्वचाविकारावरील औषधांच्या दुष्परिणामांमुळे चाळिशीत व्यायामाकडे वळल्या आणि २०१९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, रशियातील आशियाई पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली.

हुकलेली जिल्हा स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा येते. त्यामुळे आजारी खेळाडूचे खरे नुकसान होते ते लपवण्याने. प्रशिक्षकापासून कावीळ लपवली तर शरीर धोक्यात येते, डॉक्टरांपासून खेळ लपवला तर अहवाल चुकीचा वाचला जातो किंवा नको ते औषध पोटात जाते. दोघांना दोन वाक्ये सांगायला खर्च काही येत नाही. खेळाडूला स्वतःहून करता येण्याजोगे बहुतेक सगळे त्यात आले. नळाला येणारे पाणी स्वच्छ ठेवणे मात्र त्याच्या हातात नाही, ते काम ग्रामपंचायत आणि प्रशासनाचे आहे.