सुरी अचूक, निवाडा कुणाचा?



सुरी आता माणसाच्या हातातून सुटू लागलीय. पित्ताशय काढताना नळी आणि रक्तवाहिनी चिमटे लावून कापावी लागते. २०२५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या यंत्राने हे काम मेलेल्या डुकरांच्या अवयवांवर आपलं आपण केलं. आठ वेळा. आठही फत्ते. शिकलं कसं? सर्जनांच्या फिल्मा बघून.

यंत्राचा हात थरथरत नाही. रात्रपाळीने डोळे मिटत नाहीत. उद्या हे जिवंत माणसावर सिद्ध झालं, तर तालुक्याच्या ज्या सरकारी दवाखान्यात सर्जनची खुर्चीच रिकामी, तिथं जीव वाचतील. यंत्राला दगड मारायचं आम्हाला काहीच कारण नाही.

पण बघून शिकणारं यंत्र बघणार काय?

कुणी म्हणेल, यंत्राला जात कुठं कळते! अमेरिकेत जादा देखभालीसाठी रोगी निवडणाऱ्या संगणकाला काळा-गोराही कळत नव्हता. २०१९ साली संशोधकांनी त्याचा हिशेब उघडा पाडला. आजार किती, हे तो आधी झालेल्या खर्चावरून मापायचा. काळ्यांवर खर्चच कमी झालेला, म्हणून ते धडधाकट! हिशेब दुरुस्त केला तर निवडलेल्यांत काळ्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ वर जातो, असं निघालं.

आता आपल्या बीडकडे या. त्याच २०१९ साली सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीपायी खाडा नको, मुकादमाचा दंड नको, वर डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती. हेच कागद उद्या यंत्रापुढं टाकले तर ते काय शिकेल? ऊसतोड बाई आली, पोट दुखतं म्हणाली, काढा पिशवी! आणि काढेल मात्र एकदम सफाईने. मग डॉक्टर म्हणेल, यंत्राने सांगितलं. कंपनी म्हणेल, सही डॉक्टरची. बाईने जायचं कुणाकडं?

सुरी चुकण्याचा धोका आहेच. चुकीच्या निवाड्यावर अचूक सुरी चालण्याचा धोका त्याहून मोठा.

म्हणून यंत्र कुणाच्या शरीरांवर शिकलं ते जाहीर करा. कापायचं का, ते रोग्याला त्याच्या बोलीत सांगा. जबाब देणाऱ्या माणसाचं नाव कागदावर लिहा. आणि मेडिकल-इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या पोरापोरींनो, यंत्राला जिथं शिकवतात त्या खोलीत घुसा. आपल्या पोटाचा निवाडा तिथं लिहिला जातोय.