गोधडीच्या काठाला झोल आला तर



गोधडी शिवून होते, शेवटचा दोरा तोडतो, अंगणात पसरून पाहतो, आणि मधला भाग सपाट पण काठ लाटेसारखा वरखाली झालेला दिसतो. महिनाभर डोळे फोडून केलेल्या कामाचे असे झाले की जीव कष्टी होतो. घरात पांघरायची असेल तर चालून जाते. पण आता गोधड्या ऑर्डरीनेही शिवल्या जातात. गिऱ्हाईक त्या काठावर बोट ठेवते आणि पैसे कापते. ते कापले जातात आपल्याच मजुरीतून. म्हणून हा दोष स्वतः काढता आला पाहिजे.

आधी कारण समजून घ्यावे. मधल्या भागात धावदोरा दाट असतो. दाट टाके कापडाला आत ओढतात व मधला भाग आखडतो. काठाला टाके विरळ असतील तर काठ मात्र तेवढाच राहतो. दुसरे कारण, पट्टी न मोजता कडेकडेने लावत जाणे. मशीनवर खालचे कापड पुढे सरकते, वरचे मागे राहते आणि पट्टी जास्त खाल्ली जाते. तिसरे कारण धुण्यात असते. आत जुनी सुती लुगडी आणि काठाला पॉलिस्टरची साडी. सुती कापड आटते, पॉलिस्टर आटत नाही. गुलमंडीवरून नवे सुती कापड आणून आत घातले, तर ते आधी भिजवून वाळवूनच घ्यावे.

आता हिशेब करा. गोधडी जमिनीवर सपाट पसरा. टेपने मधोमध लांबी मोजा आणि मग दोन्ही कडा मोजा. समजा मध्ये 80 इंच भरले आणि कडेला 83 इंच. म्हणजे 3 इंच कापड जादा आहे. खातेवहीत फरक सापडला की निम्मे काम झाले, तसेच येथेही. रुंदीची मापेही अशीच घ्यावीत.

फरक इंचभराच्या आत असेल तर काहीही उसवू नये. काठावर धावदोऱ्याच्या दोन-तीन ओळी जास्त घालाव्यात आणि दोरा किंचित ओढत जावे. झोल टाक्यांत मुरतो. नंतर ओले फडके ठेवून इस्त्री दाबावी, ओढू नये. कापड पॉलिस्टरचे असेल तर इस्त्री कोमट ठेवावी.

फरक जास्त असेल आणि पट्टी वरून लावलेली असेल, तर त्या बाजूची पट्टी उसवावी. मधल्या मापाएवढी, म्हणजे 80 इंच आणि शिवणीपुरती जादा पट्टी ठेवून बाकीची कापावी. पट्टीचे व गोधडीचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवाव्यात, टाचण्या लावाव्यात, मगच शिवावे. एका कोपऱ्यापासून सुरू करून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेऊ नये. त्यानेच झोल येतो.

काठ आरपार शिवलेला असेल आणि उसवणे शक्य नसेल, तर बारीक चुण्या घ्याव्यात. बाहेरच्या कडेला पाव इंच कापड घेणारी एक चुणी, आत जाताना निमुळती होत संपलेली. अशा 12 चुण्यांत 3 इंच बसतात. सुमारे सात-सात इंचांवर त्या घेतल्या आणि वरून काठाची गोट लावली की त्या नजरेला येत नाहीत. सगळा झोल एकाच कोपऱ्यात कोंबू नये.

कामाला लागण्याआधी गिऱ्हाइकाला सांगावे, "दोन दिवस द्या, काठ नीट करून देते." दुरुस्तीला लागलेले तासही वहीत टिपावेत. पुढच्या ऑर्डरीचा भाव ठरवताना ते आपल्या बाजूने बोलतात.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, 1966 साली, 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही गोधड्या शिवणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. शेतमजुरी करणाऱ्या घरांत त्यातून रोख पैसा आला. त्याच भागातील जीज बेंड गावच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. आपल्या वस्तीतही चार-पाच जणींनी एकत्र बसून, माल देण्यापूर्वी एकमेकींच्या गोधड्या टेपने मोजून पाहाव्यात. मोजलेल्या कामाचा दाम कमी करताना घेणाऱ्यालाही विचार करावा लागतो.