लाखांचं घड्याळ, काच मात्र प्लास्टिकची!

मोबाइलला एक ओरखडा पडला तर आपला जीव खालीवर होतो. इकडे ओमेगा स्पीडमास्टर मूनवॉचचे चाहते लाखो रुपये मोजून मुद्दाम प्लास्टिकची काच घेतात! हेसालाइट तिचं नाव. ओरखडे पटकन पडतात, पण फुटली तरी तुकडे उडत नाहीत. अंतराळयानात हेच महत्त्वाचं. १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या हातावर स्पीडमास्टरच होतं. सफायरची काचही मिळते, जास्त पैशांत. पण तिच्या कडेचं दुधट वलय अनेकांना खटकतं.

२०२१ मध्ये डिझाइन बदललं, तेव्हा चर्चा रंगली एका ठिपक्यावर! बेझलवरच्या ९० च्या बाजूचा ठिपका जुन्या मॉडेलसारखा पुन्हा वर गेला आणि मंडळी खूश. मला मात्र खरा बदल आत दिसतो. नवं ३८६१ मशीन १५,००० गॉसपर्यंतचं चुंबकत्व सोसतं. आपल्या फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, कधी कधी कव्हरमध्येही. साध्या मेकॅनिकल घड्याळाची हेअरस्प्रिंग चुंबकली की ते बहुतेकदा पुढे पळायला लागतं. म्हणून आजोबांचं चावीचं घड्याळ तुमच्याकडे असेल, तर रात्री फोनवर ठेवू नका. मी ठेवायचो.