सातपुड्यातील चार दिवस

प्रवासाची यादी करणे हा माझा जुना छंद. सारे आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला कागदाच्या डाव्या बाजूस बाब आणि उजव्या बाजूस रक्कम लिहिल्याशिवाय स्वस्थ वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस आम्ही नऊ जण परभणीहून चिखलदऱ्यास गेलो, तेव्हाच्या यादीत 43 बाबी होत्या. शेगडी, कुकर, पोळपाट-लाटणे, पाणी गाळण्याचे दुहेरी कापड, गव्हाचे व ज्वारीचे पीठ, मूगडाळ, तूप, अगदी काड्यापेट्यासुद्धा. एकही वस्तू विसरली नाही, याचा मला मोठा अभिमान वाटला होता.

स्वयंपाकघर असलेले स्वतंत्र कॉटेज घ्यावे, हा आग्रहही माझाच. कारण वाचकांना सांगावयास नको. कांदा-लसूण-बटाट्याशिवाय भाजी, गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी जेवण, या तिन्ही गोष्टी हॉटेलात एकाच दिवशी जुळून येणे कठीण. तेव्हा झाडीतले छोटे घर, समोर दरी, आत आपली चूल, असे चित्र मी मनाशी रंगविले होते.

तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन गाविलगड पाहून आलो. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा बळकट किल्ला कसा घेतला, ते त्याला वाटेत रंगवून सांगितले होते. परत येताना सर्वांनी थांबून सूर्यास्त पाहिला. घरी आल्यावर नातू आजीला म्हणाला, “आजी, आज सूर्य एकदम लाल गोळा झाला होता. तू कुठे होतीस?” आमच्या सौभाग्यवती मोरीपाशी भांडी विसळत होत्या. त्या माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “अहो, परभणीचे स्वयंपाकघर आपण इथे उचलून आणले. ओटा तेवढा इथला उंच आहे.”

त्या रात्री मी हिशेब मांडला. आमचा नियम सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. डिसेंबरअखेर त्या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे चार वाजता चूल पेटणार, पाचला पाने वाढली जाणार आणि लोक सूर्यास्त पाहण्यास निघतील त्या वेळी घरातील बायका भांड्यांपाशी असणार. चार दिवसांत सौभाग्यवतींनी आणि सूनबाईंनी एकही सूर्यास्त पाहिला नव्हता. नियम सर्वांचा होता. त्याचे मोल मात्र दोघींनीच भरले होते. नोकरीत असताना चार वर्षांच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रवासाची सवलत मिळे. कधी बदली, कधी मातोश्रींचे आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा, असे करीत बहुतेक ब्लॉक वाया गेले. ‘निवृत्तीनंतर तुला नेईन’ हे माझे शब्द होते, आणि नेले ते असे.

यंदा पुन्हा जाण्याचे ठरते आहे. आपल्यापैकी अनेक घरांत हीच बोलणी चालू असतील, म्हणून आमचा विचार येथे मांडतो.

पहिला प्रश्न तारखांचा. चिखलदऱ्याचे खरे वैभव पावसाळ्यात. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे गाव तेव्हा ढगात बुडालेले असते. परंतु तो काळ चातुर्मासाचा, आणि आमच्या घरी त्या चार महिन्यांत हौसेचा प्रवास होत नाही. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कापसाचा हंगाम. मानवत-सेलूकडच्या मंडळींना तेव्हा मान वर करण्यास फुरसत नसते. मेअखेरीस बियाणे-खतांच्या दुकानांत गर्दी सुरू होते. महिन्याचे जीएसटी विवरणपत्र 11 आणि 20 तारखेस अडवते. हे सर्व वजा जाता महावीर जयंती आटोपल्यावर 21 एप्रिल ते 10 मे एवढीच फट उरते, आणि तीत लग्नाच्या तिथी व अक्षय तृतीया! कापडवाल्या आणि सराफ बांधवांसाठी मजजवळ उत्तर नाही. दुकान थोरल्या बंधूंवर सोपवून जाणाऱ्यांनी मात्र पुढील खेपेस किल्ली आपल्याकडे घेऊन बंधूंना पाठवावे, एवढे सुचवितो.

उन्हाळ्यात जाण्याचा एक लाभ पंचांगातच आहे. मे महिन्यात तिकडे सूर्यास्त सातच्या आसपास होतो. डिसेंबरच्या तुलनेने संध्याकाळी तासाभराहून अधिक वेळ हाती येतो. शिवाय परभणीत पारा 42 च्या पुढे असताना तेथील रात्री सुसह्य असतात.

मुक्कामासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे, खासगी कॉटेजेस आहेत आणि रानात राहण्याची हौस असेल तर मेळघाटात सेमाडोह व कोलकास येथे वन विभागाची निवासस्थाने आहेत. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटची गणना होते. तेथे रात्री अंगणात शतपावली करण्याचा बेत कोणी आखू नये. पैसे भरण्यापूर्वी रद्द करण्याचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. कर्जाच्या कागदांप्रमाणे येथेही महत्त्वाचे तेच बारीक अक्षरात असते. पाण्याची चौकशी आधी करावी. चिखलदरा तालुक्यातील कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी नऊ माणसांची तीन वेळची भांडी घासणे मला आता प्रशस्त वाटत नाही.

परभणीहून हिंगोली, वाशीम, अकोला करीत परतवाडा गाठेपर्यंत दिवस सरतो. त्याच दिवशी घाट चढण्याची घाई न करता परतवाड्याजवळील मुक्तागिरीस मुक्काम करावा. हे सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशाच्या हद्दीत, बैतूल जिल्ह्यात आहे. धर्मशाळा आहे, खोली व भोजनाची सोय आधी विचारून ठेवावी. डोंगरावरील 52 मंदिरांचे दर्शन उजाडताच घ्यावे, कारण उन्हाळ्यात दहानंतर अनवाणी पायांना पायऱ्या सोसवत नाहीत. तेथील धबधबा पावसाळ्याचा, तो एप्रिलमध्ये शोधू नये.

आता चुलीविषयी. सौभाग्यवतींनी यंदा अट घातली आहे की संध्याकाळचे जेवण शिजवायचेच नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाविना शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि फळे एवढे डबे घेऊन साडेपाचला सर्वांनी दरीकाठी जावयाचे, दिवस असतानाच जेवावयाचे आणि मग सूर्य मावळताना पाहावयाचा. चौविहारही सांभाळला जातो. (माकडांपासून डबा सांभाळणे ही स्वतंत्र जबाबदारी, ती नातवाकडे दिली आहे.) दुपारी एकच पदार्थ, मूगडाळीची खिचडी. ती मी आणि चिरंजीव करणार. चिरंजीवांनी आतापर्यंत फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आहेत, म्हणून गेले दोन रविवार घरी सराव चालू आहे. पहिल्या रविवारची खिचडी तळाशी लागली. दुसऱ्या रविवारी मीठ राहिले.

यादी 43 वरून 19 बाबींवर आली आहे. काल ती सौभाग्यवतींना दाखविली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, सवयीने लिहिलेले पोळपाट-लाटणे खोडले आणि विचारले, “त्या सूर्यास्ताच्या जागी बसायला बाक आहे का? माझे गुडघे दुखतात.” आम्ही घडीची खुर्ची लिहून घेतली.