संशय, तसबीर आणि एक आंतरदेशीय पत्र

परवा नातवाने टीव्हीवर परेश मोकाशींचा ‘वाळवी’ लावून दिला. २०२३ चा सिनेमा, मी उशिराच पाहिला. नवरा बायकोला पटवतो, आपण दोघं मिळून जीव देऊ. पण बाहेर दुसरी आहे, त्यामुळे त्याच्या मनातला बेत वेगळाच. पुढे जो घोळ होतो त्यावर नातू खो-खो हसत होता. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना.

गोविंद बल्लाळ देवल आठवले. एकाच माणसाने संशयावर दोन नाटकं मराठीत आणली. १८९० चं ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, ज्याचं १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं, त्याचं मूळ थेट मोलियरपर्यंत जातं. ‘ऑथेल्लो’त एका हातरुमालाने घात होतो, ‘संशयकल्लोळ’मध्ये एका तसबिरीने घोटाळा. वस्तू सारख्याच क्षुल्लक. मग एकीकडे बायकोचा जीव जातो आणि दुसरीकडे हशा पिकतो, असं का?

मला वाटतं, फरक एकांताचा आहे. डेस्डिमोना सायप्रस बेटावर, माहेर समुद्रापलीकडे. आणि नवरा मनातल्या मनात निकाल लावून मोकळा. फाल्गुनराव-कृत्तिका मात्र तोंडावर भांडतात, चार माणसं मध्ये ओढतात, आणि त्या बोभाट्यातच खरं बाहेर येतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीला जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात होतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार-चार दिवस एसटी नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकदा शाळेतून लवकर घरी आलो, तर हिने लगबगीने एक आंतरदेशीय पत्र उशीखाली सारलं. ही पाण्याला गेल्यावर मी ते काढून पाहिलं. अक्षर हिचं, आणि सुरुवात ‘प्राणप्रिय’..

मी एका शब्दाने विचारलं नाही. आठ दिवस अबोला धरला. रात्री मनात काय काय आलं ते आजही लिहवत नाही. विहीर दारातच होती, एवढंच सांगतो.

नवव्या दिवशी शेजारीण आली. “बाई, मायं पत्र झालं काय लिहून?” तिचा नवरा सुरतेला कामाला होता. पत्राचं कोणाला सांगायचं नाही, अशी तिने हिला शपथ घातली होती.

हा किस्सा सांगितला की सगळे हसतात. ही होती तेव्हा तीही हसायची. पण एकदा म्हणाली, “त्या आठ दिवसांत मला तुमची भीती वाटली होती.”

संशय म्हणजे जास्तीचं प्रेम, असं आपण कौतुकाने बोलतो. मला ते पटत नाही. त्या आठ दिवसांत माझ्या मनात प्रेम नव्हतंच, नुसती मालकी होती. आमची गोष्ट विनोदी ठरली ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे. शेजारीण वेळेवर आली म्हणून.