स्वभावाला औषध नाही?

गेल्या ईदला शीरखुर्मा आटोपला आणि भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, एवढे प्रश्न सोडवा ना!" प्रश्न चाळीस. प्रत्येकात दोन वाक्ये, त्यातले एक निवडायचे. शेवटी आकडा आला आणि पोरांनी गलका केला, "मामू नार्सिसिस्ट!" मीही हसलो. पण बायको हसली नाही. "स्वभावच आहे त्यांचा," एवढेच म्हणाली.

ते तिचे वाक्य मला आकड्यापेक्षा जास्त लागले. म्हणून थोडे वाचले.

ती प्रश्नावली रस्किन आणि हॉल यांनी 1979 मध्ये मांडली; चाळीस प्रश्नांचे रूप 1988 चे. ती साध्या, चारचौघांतल्या माणसांसाठी आहे. तिच्यात पुढारपणाची हौस, आत्मविश्वास यांचेही गुण मोजले जातात. म्हणजे गुण जास्त आले की आजार झाला, असे नव्हे. आत्मप्रौढीचा विकार हे निदान आहे. ते डॉक्टरने माणसाशी बोलून, त्याचे सारे आयुष्य पाहून करायचे असते. 2009 मध्ये आलेली दुसरी एक प्रश्नावली आत्मप्रौढीची दुखरी बाजू मोजते. तिच्यात बढाईबरोबर लाज, दुखावलेपण, कमीपणा लपवण्याची धडपडही आहे.

आता ही मापे स्वभावाशी जोडून पाहू. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी 1993 मध्ये माणसाचा पिंड आणि चारित्र्य वेगळे केले. पिंडात चार गोष्टी: नव्याची ओढ, इजेची भीती, कौतुकाची गरज आणि चिकाटी. चारित्र्यात तीन: स्वतःची जबाबदारी घेणे, दुसऱ्याला सामावून घेणे आणि स्वतःपलीकडच्या मोठ्या गोष्टीशी जोडले जाणे.

साधारणपणे असे दिसते की उघड बढाईखोर माणसात भीती कमी असते, तर आतून दुखावलेल्यात ती जास्त असते. म्हणजे पिंड अगदी उलटे असू शकतात. पण व्यक्तिमत्त्वाच्या विकाराकडे नेणारी खूण क्लोनिंजर यांना पिंडात नव्हे, चारित्र्यात सापडली. जबाबदारी घेणे आणि सामावून घेणे या दोन्ही गोष्टी कमी पडल्या की गाडी बिघडते.

आपण मात्र नेमके उलटे करतो. दुसऱ्याशी पटले नाही की त्याला 'नार्सिसिस्ट' म्हणून मोकळे होतो. स्वतःवर आले की म्हणतो, स्वभावाला औषध नाही. पहिल्यात निदानाची शिवी होते, दुसऱ्यात पिंडाची ढाल. पिंड बराचसा जन्मतः येतो, मान्य. पण चारित्र्य वयाबरोबर घडत जाते. मी निडर आहे हा माझा दोष नाही. घरात कुणाला बोलू देत नाही, हा मात्र आहे.

आणखी एक अडचण आहे. या प्रश्नावल्या बहुतेक आपल्या आपणच भरायच्या. मी इतरांचे ऐकून घेतो का, हे मलाच विचारले तर मी काय सांगणार? त्याचे उत्तर माझ्या घरच्यांकडे आहे. म्हणून मी त्या आकड्याचा नाद सोडला आणि बायकोला विचारले, "मी तुझे शेवटचे कधी ऐकले?"

ती बराच वेळ आठवत राहिली.