दाढीवाला पाहुणा आणि आपली माया

माणसाला प्राण्यांचा लळा आहे, ही गोष्ट वादातीत आहे. परंतु लळा असणे आणि जीव सांभाळता येणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण सहज गृहीत धरतो, आणि माझा वाद तिथेच आहे.

अलीकडे शहरांतून एक नवा पाहुणा घरोघरी येऊ लागला आहे. इंग्रजीत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू. गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून तो ती काळी करतो, ती त्याची दाढी. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रखरखीत प्रदेशाचा. त्या देशाने आपले वन्य सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर नेण्यास बंदी घातली आहे. म्हणून जगभर पाळले जाणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले असतात. असे वीतभर पिल्लू मित्राच्या हातावर शांत बसलेले पाहिले, की कोणालाही मोह पडावा. आपल्या चंद्रपुरातील तरुणाला तर वाटते, 'वाळवंटातला जीव, आणि आपल्याकडे उन्हाला काय तोटा!'

हा समज जितका सोपा तितकाच घातक आहे. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन आणि सावली यांच्यामध्ये ये-जा करून तो ती कमीजास्त करतो. मोकळ्या रानात त्याला खडक आहे, झुडूप आहे, बीळ आहे. काचेच्या पेटीत हे सारे आपणच द्यावे लागते. एका टोकाला दिव्याखाली साधारण ४० अंशांची बसण्याची जागा, तर दुसऱ्या टोकाला २५-२७ अंशांचा गारवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, तेव्हा आपल्याकडील बंद खोलीत गार टोक उरतच नाही, आणि ज्या उन्हाच्या भरवशावर त्याला आणले, तेच ऊन त्याचा जीव घेते. शिवाय खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याच्या फारसे कामाचे नसते. त्याच्या हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. त्यांच्यावाचून ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पिल्लाला मुडदूस होतो. त्यासाठी वेगळा दिवा लागतो, आणि त्याचे किरण हळूहळू क्षीण होत असल्याने तो वेळोवेळी बदलावाही लागतो. ज्या गावात वीज दिवसातून चारदा जाते, तेथे हे कसे निभावणार?

खाण्याचेही तसेच. मोठा सरडा बहुतांशी हिरव्या पाल्यावर राहतो. पिल्लाला मात्र मुख्यतः किडे लागतात, आणि तेही त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नकोत. कपाशीच्या किंवा धानाच्या बांधावरून नाकतोडे धरून आणावेत, तर त्यांवर औषधाची फवारणी झालेली असण्याचा संभव. आणि काजवा? परदेशात काजवा खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

सर्वांत कठीण पथ्य मात्र आपल्यालाच पाळायचे असते. नवे पिल्लू घरी आले की पहिले काही दिवस त्याला हातच लावू नये. ते भेदरलेले असते, खात नाही, कोपऱ्यात दडते. पाणी, ऊब आणि आडोसा देऊन दूर बसावे. सोबत म्हणून दुसरे पिल्लू ठेवू नये. दांडगे पिल्लू दुबळ्याची बोटे आणि शेपटी तोडते. पण आपण तर ते मित्रांना दाखविण्यासाठीच आणलेले असते! ज्याची हौस दाखविण्यात आहे, त्याने हा आठवडा कसा काढावा? आणि आठवड्यापुरते भागत नाही. हा प्राणी दहा वर्षे जगू शकतो. आपण पदवी घेऊन नोकरीसाठी पुण्याला गेलो, की त्याचे काय?

येथे आपल्याच मुलखातील एका उदाहरणाची आठवण होते. २३ डिसेंबर १९७३ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारे माडिया बांधव दिसले. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले, आणि त्यातून पुढे वन्य प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पोटासाठी शिकार करणाऱ्यांना दोष न देता त्यांनी पोरक्या पिल्लांची जबाबदारी पत्करली आणि कित्येक वर्षे निभावली. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. हेमलकशाला आलेल्या पिल्लाला जायला दुसरी जागा नव्हती. आपण विकत आणलेल्या पिल्लाला मात्र आपणच अडचणीत आणलेले असते.

आणि ज्यांना सरड्याचीच आवड आहे, त्यांच्यासाठी आपले रान काय कमी आहे? कुंपणावरचा सरडा मान डोलावतो, विणीच्या दिवसांत लालबुंद होतो; आपण त्याला दगड मारतो. घोरपड तर आपल्या इतिहासातील दंतकथांत मानाने बसली आहे. तरीही मांसासाठी, कातड्यासाठी आणि 'हाथाजोडी' नावाच्या भोंदूगिरीसाठी ती मारली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. तिचे पिल्लू घरी आणणे हा गुन्हा आहे. ते वाटेत दिसले तर वाट सोडावी, जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. त्यापलीकडचे लाड तिला नको आहेत.

मित्रहो, पाळूच नका असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या घरी आधीच असा पाहुणा आला आहे, त्याने वर सांगितलेली पथ्ये मनापासून पाळावीत. तेही पुण्याचेच काम आहे. परंतु जो आणण्याच्या विचारात आहे, त्याने पैसे मोजण्यापूर्वी पेटी, दोन्ही दिवे आणि तापमापक आणावा, मे महिन्यातील एक दुपार ती रिकामी पेटी चालवून पाहावी, आणि सरड्यावर उपचार करणारा पशुवैद्य किती कोसांवर आहे याची चौकशी करावी. इतके करूनही उत्साह टिकला, तर खुशाल आणावे. आणि नाहीच टिकला, तर एक जीव वाचला म्हणून समाधान मानावे.